ज्ञानाक्का घनता शिकल्या

विमलसेन सरांना अर्धांगाचा झटका आला तो पोयाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीच्या दिवशी, देवळातून घरी येताना. पायऱ्या उतरता उतरता त्यांच्या हातातली फुलांची परडी गळून पडली आणि ती उचलायला ते वाकले ते उठलेच नाहीत. कुरुनेगलच्या इस्पितळात बरेच दिवस राहून ते परत आले. उजवा पाय थोडा ओढायचा, तोंड जरा वाकडं दिसायचं. बोलणं मात्र सुधारलं. आमच्या गावाला वाटलं, सुटले सर.

आमचं गाव मैदागम. डोंगराच्या पोटात ग्रॅफाइटची खाण आहे, तिच्यावरच सगळ्यांची पोटं चालतात. इथे त्याला मिनिरन म्हणतात. इथल्या पोरांच्या वहीवर, दाराच्या कडीवर, देवळाच्या ओट्यावर कुठे ना कुठे काळं बोट उमटलेलं असतंच. सर आमच्या शाळेत मोठ्या परीक्षेच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवायचे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले, पेरादेणियाला जाऊन पदवी घेतली आणि परत येऊन त्याच शाळेत लागले. सर आजारी पडल्यावर त्यांचे तास माझ्याकडे आले.

काय गेलंय ते सगळ्यात आधी ज्ञानाक्कांच्या लक्षात आलं. ज्ञानवती म्हणजे सरांची बायको. सगळं गाव त्यांना ज्ञानाक्का म्हणतं. एके सकाळी त्या सरांना म्हणाल्या, "अहो, सुनीलला फोन लावा, आज त्याची सुट्टी असेल." सुनील हा त्यांचा मुलगा, कतारमध्ये नोकरीला. सरांनी फोन हातात घेतला. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. सर भिंतीकडे बघायचे, फोनकडे बघायचे. मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "चष्मा कुठाय माझा?" चष्मा नाकावरच होता.

त्यांचे आकडे गेले होते. चार दिसला की तोंडातून सात यायचं. सात म्हणालो हे त्यांना कळायचं, ते चुकलंय हेही कळायचं, पण बरोबर काय ते सापडायचं नाही. साधी बेरीज नाही, घड्याळ नाही, तारीख नाही. आणि ज्या माणसाने तीस वर्षं फळ्यावर न बघता तीन तीन दशांश स्थळांपर्यंत भागाकार केले, त्या माणसाचं हे झालं होतं.

तरी पहिले काही आठवडे सर बाहेर पडत होते. मग ते बसचं प्रकरण झालं. सरांना इस्पितळात दाखवायला जायचं होतं, ज्ञानाक्कांना ताप होता, म्हणून सर एकटेच निघाले. बसवरचा क्रमांक वाचला, आपल्या समजुतीप्रमाणे बरोबर वाचला, आणि बसले. ती बस भलतीकडची निघाली. पार दांबुल्लच्या रस्त्याला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कंडक्टर आमच्याच शाळेत शिकलेला. त्याने सरांना उतरवून घेतलं, परतीच्या बसमध्ये बसवलं आणि त्या बसच्या कंडक्टरला मोठ्याने सांगितलं, "सरांना नीट उतरव रे, त्यांना नंबर कळत नाहीत." बस भरलेली होती.

त्यानंतर सर फाटकाबाहेर गेले नाहीत.

इस्पितळातल्या बाई चांगल्या होत्या. शब्दांचा आणि आकड्यांचा सराव करून घ्यायच्या. त्यांनी घरी करायला पुस्तकं दिली. लहान मुलांची असतात तशी, तळ्यात बदकं, झाडावर फुगे, मोजा आणि लिहा. सरांनी पहिलं पान उघडलं, मिटलं, आणि पुस्तकं कपाटात कपड्यांखाली ठेवून दिली. ज्ञानाक्कांनी ती काढली. सरांनी परत ठेवली. असं दोन-चारदा झालं. मग एक दिवस सर म्हणाले, "ज्ञानवती, मला काहीही कर म्हण. बदकं मोजायला लावू नकोस."

हे मला ज्ञानाक्कांनीच सांगितलं. मी अधूनमधून संध्याकाळी जात असे. त्या कोरा चहा आणि गुळाचा खडा पुढे ठेवायच्या आणि सरांना ऐकू जाणार नाही इतपत आवाजात बोलायच्या. त्या मूळच्या समुद्राकाठच्या, वेलिगमच्या. तिकडच्या बायका उशीवर टाचण्या टोचून, लाकडी रिळांना दोरे गुंडाळून लेस विणतात. त्याला बीरलु म्हणतात. ज्ञानाक्का लग्न होऊन या डोंगरात आल्या तरी ती उशी बरोबर घेऊन आल्या होत्या. लेस विणायच्या आणि नारळाची टॉफी करून दुकानांना द्यायच्या. शाळा आठवीपर्यंत झालेली.

"त्यांना शिकवायची सवय," त्या म्हणाल्या. "शिकायची नाही. बाईंनी त्यांना विद्यार्थी करून टाकलंय, म्हणून चिडतात."

"मग काय करायचं, अक्का?"

"मला काय माहीत? तू शिकलेली आहेस." थोडा वेळ त्या चहा ढवळत राहिल्या. त्यात साखर नव्हतीच. "त्या खिडकीत तो काळा दगड बघतेस ना? लग्न झाल्यापासून बघतेय मी तो. दर वर्षी शाळेत न्यायचे, परत आणायचे. पुसला तर ओरडायचे, नाही पुसला तर पडदा काळा. मी कधी विचारलं नाही, काय करता हो त्या दगडाचं."

मला माहीत होतं काय करायचे. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सर तो खडा वर्गात आणायचे आणि म्हणायचे, या गावाने हा आयुष्यभर उपसला, पण हा आहे केवढा जड, हे कुणी सांगेल का? आधी आम्ही त्याची घनता पाण्यात बुडवून काढायचो. मग तीच घनता सर उलट बाजूने, आतल्या अणूंपासून काढून दाखवायचे. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहायचे. ती कधीच तंतोतंत जुळायची नाहीत, आणि का जुळत नाहीत यावर अख्खा तास जायचा.

दुसऱ्या दिवशी ज्ञानाक्कांनी खिडकीतला खडा उचलला आणि सरांच्या समोर टेबलावर ठेवला.

"हे मला शिकवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोरांना शिकवता ते. मला शिकवा."

सर हसले नाहीत. "तुला कशाला?"

"तीस वर्षं याची धूळ पुसतेय. मला हक्क नाही?"

मी तिथेच होते, कारण अक्कांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "निलुका, हे तुझं डोकं का?" मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

"आकडे कोण करणार?" सर म्हणाले. आवाज एकदम कोरडा झाला होता.

"मी करते. मला भागाकार येतो. टॉफीचा हिशोब काय शेजारीण करते?"

अशी शिकवणी सुरू झाली. मी शाळेतून सुटल्यावर जाऊन बसायची. मला सांगितलेलं होतं, मधे बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी खड्याचं वजन झालं. टॉफीसाठी अक्कांकडे आकडे दाखवणारा छोटा काटा होता. त्यावर खडा ठेवला. "चारशे बारा ग्रॅम," अक्का म्हणाल्या. "झालं. घनता आली."

"हे वजन झालं," सर म्हणाले. "दोन नारळ एकत्र घेतले तर वजन दुप्पट होईल. म्हणून नारळ जास्त घट्ट झाला का?"

"नाही."

"मग? किती जागेत किती वजन मावलंय, ते बघायचं. याने जागा किती अडवली ते काढ आता."

अक्कांनी टेप आणली. खडा वेडावाकडा, एका बाजूने चिरलेला, दुसरीकडे बोटं उमटावीत तशा खाचा. टेप कुठून कुठे धरायची ते कळेना. सर बघत होते, आणि मला जाणवलं की ते तेच करत होते जे वर्गात करायचे. गप्प बसायचे आणि पोराची फजिती पुरती होऊ द्यायचे.

"लक्ष कुठंय तुझं?" शेवटी ते म्हणाले.

"चुलीवरच्या भातात."

"भाताचं काय होतं तांदूळ टाकल्यावर? पाणी कुठे जातं?"

"वर येतं." अक्का थांबल्या. मग पातेलं आणायला उठल्या.

सरांनी त्यांना पातेल्यात पाणी घालून ते काट्यावर ठेवायला लावलं आणि काटा शून्यावर आणायला सांगितलं. खड्याला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला टेकू द्यायचा नाही. अक्कांनी दोरा बोटाला गुंडाळून खडा सोडला. काट्यावर आकडा चढला.

"हे काय? मी तर धरलाय वरून. पातेलं कसं जड झालं?"

"पूर्वीइतकाच जड लागतोय का तुझ्या बोटाला?"

अक्कांनी खडा वरखाली करून पाहिला. "नाही. हलका झाला."

"मग उरलेलं ओझं कुणी घेतलं?"

"पाण्याने?"

"आणि पाण्याला कोण धरतंय?"

"पातेलं," अक्का म्हणाल्या. "आणि पातेल्याला काटा." त्यांना गंमत वाटली होती. त्यांनी खडा बाहेर काढून परत बुडवला, नुसतं बघायला.

"खड्याने जेवढी जागा घेतली तेवढ्या पाण्याचं ते वजन आहे. पाण्याचं एक ग्रॅम म्हणजे जागा एक घनसेंटिमीटर. म्हणून पाणी चांगलं, त्यात वेगळा हिशोब लागत नाही. बुडबुडे चिकटलेत का बघ. झटक ते. त्यांनीही जागा अडवलेली असते."

बुडबुडे झटकल्यावर एकशे नव्वद आले. चारशे बाराला एकशे नव्वदने भागायचं. अक्का कागद घेऊन बसल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एकवीस पूर्णांक सहा."

मी ओठ मिटून घेतले. सर म्हणाले, "बरोबर आहे का?"

"तुम्ही सांगा."

त्यांना सांगता येत नव्हतं. कागद त्यांनी हातात घेतला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि परत ठेवला. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हे उठून आत जाणार आणि परत कधी बसणार नाहीत.

सर उठले, पण स्वयंपाकघरात गेले. एक वाटी आणली, साधारण त्या खड्याएवढंच पाणी मावेल अशी. ती भरली. अक्कांच्या डाव्या हातात वाटी दिली, उजव्या हातात खडा दिला.

"हे पाणी. हा खडा. जागा जवळपास सारखी. आता सांग, असल्या किती वाट्या भरल्या तर या खड्याएवढं जड होईल?"

अक्कांनी दोन्ही हात वरखाली केले. "दोन. दोन आणि थोडं."

"एकवीस नाही?"

"एकवीस वाट्या मला उचलवतील का?" त्या कागदाकडे वळल्या. टिंब चुकीच्या जागी पडलं होतं. त्यांनी ते खोडून सरकवलं. दोन पूर्णांक सोळा. पुढचा आकडाही काढला तेव्हा दोन पूर्णांक सतरा धरायला हरकत नाही असं ठरलं.

त्या रात्री जेवायला दूधभात होता, जो इथे सणासुदीलाच करतात. कसला सण होता ते मी विचारलं नाही.

आतली बाजू जास्त अवघड गेली. सर सांगू लागले की ग्रॅफाइट म्हणजे नुसता कार्बन. त्याचे अणू एका पातळीत सहा-सहा कोनांची जाळी करून बसतात, आणि अशा जाळ्या एकावर एक रचलेल्या असतात. जाळीतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका जाळीची दुसरीशी फारशी ओळख नसते. मधे बरीच मोकळी जागा. म्हणून तर तो बोटाला लागतो, कागदावर उतरतो, एकेक थर सुटत जातो. उजवा हात अजून धड चालत नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने कागदावर षटकोन काढायचा प्रयत्न केला. तो बटाट्यासारखा झाला.

"थांबा," अक्का म्हणाल्या आणि आतून लेसची उशी घेऊन आल्या. अर्धवट विणलेली लेस टाचण्यांवर ताणलेली होती. कडेला फुलं, मधे नुसती जाळी. "अशी का?"

सर खाली वाकले. चष्मा वर केला, परत खाली घेतला. षटकोनाला षटकोन लागून पसरलेली ती जाळी ते किती तरी वेळ बघत राहिले.

"ही तू कधीपासून विणतेस?"

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा हीच मांडीवर होती."

"मी पाहिली नाही."

"तुम्ही कुठे काही पाहिलंत? चहात माशी होती ती पण प्यायलात."

मी हसले. सरही हसले, वाकड्या तोंडाने, आणि खुर्ची उशीजवळ ओढून बसले.

प्रश्न असा होता. एका षटकोनाच्या वाट्याला किती अणू येतात? तेवढं कळलं की पुढे फक्त वजन आणि जागा. वर्गातली पोरं इथेच अडकतात. कोपरे सहा, म्हणून सगळे म्हणतात सहा. मीही एकेकाळी सहाच म्हटलं होतं. सरांनी तोच प्रश्न अक्कांना विचारला.

"सहा कसे?" अक्का म्हणाल्या. सहा हे कुणी म्हटलंच नव्हतं, त्यांनी मनाशी धरून नाकारलं होतं. "हा जोड बघा. जिथे दोरे भेटतात तो. हा जाळीच्या या डोळ्याचा आहे, शेजारच्या डोळ्याचा आहे आणि वरच्याचा पण. तिघांचा मिळून एक. मी प्रत्येक डोळ्याला सहा जोड धरले तर दोरा कधी पुरायचाच नाही. एकच जोड तीनदा मोजला जाईल."

"मग एका डोळ्याच्या वाट्याला?"

"सहा जोड, प्रत्येक तिघांत वाटलेला. दोन."

सर माझ्याकडे वळले. नुसतं बघितलं, जणू मी साक्षीदार आहे.

पुढचा हिशोब आम्ही तिघांनी मिळून केला. षटकोनाची बाजू किती आणि दोन थरांमधलं अंतर किती, हे आकडे सरांच्या जुन्या पुस्तकात होते. ते इतके बारीक की सेंटिमीटरमध्ये लिहायचे तर आधी शून्यांची रांगच लावावी लागते. मी सगळं अणूच्या मापात मांडून दिलं, म्हणजे शून्यं लागली नाहीत. षटकोनाचं क्षेत्रफळ पाच पूर्णांक चोवीस, त्याला उंची तीन पूर्णांक पस्तीस. गुणाकार अक्कांनी केला, साडेसतराच्या किंचित वर आला. ही एका षटकोनाच्या वाट्याची जागा. वजन दोन अणूंचं, म्हणजे बारा दुणे चोवीस. अणूच्या मापातून ग्रॅमच्या मापात यायला एक पूर्णांक सहासष्टने गुणायचं. मग भागायचं. अक्कांनी टिंबाकडे विशेष लक्ष दिलं. उत्तर आलं दोन पूर्णांक सत्तावीस.

त्यांनी पाण्यातलं उत्तर शेजारी लिहिलं. दोन पूर्णांक सतरा.

"चुकलं कुठे तरी," त्या म्हणाल्या.

"कुठलं मोठं आहे?" सरांनी विचारलं.

"आतून काढलेलं."

"आणि खडा कमी भरतोय. जाळी विणताना तू एकही डोळा सोडत नाहीस?"

"सुटतो कधी."

"याच्याही सुटलेत. भेगा आहेत, पोकळ्या आहेत. आपण काढलेली घनता ज्याच्यात एकही डोळा सुटला नाही अशा ग्रॅफाइटची. तसा खडा खाणीत मिळत नाही."

अक्का दोन्ही आकड्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे चुकलं नाही कुणीच."

"कुणीच नाही."

मी घरी जाताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू ऐकलंस का? त्यांनी आकडा विचारला नाही. कुठलं मोठं ते विचारलं. मी रोज उगाच किती-किती विचारत होते."

मी इतका विचार केला नव्हता. पण नंतर लक्ष ठेवलं, आणि खरंच, दोनांतलं मोठं कुठलं, फरक थोडा की फार, हे सरांचं कधी चुकत नव्हतं. आकड्यांची नावं पुसली गेली होती, जास्त आणि कमी शिल्लक होतं.

वर्गाची कल्पना मात्र माझी. मोठ्या परीक्षेच्या पोरांना तो धडा मीच देणार होते, पण मला तो सरांसारखा देता येत नव्हता. मी जाऊन विचारलं. सर सरळ नाही म्हणाले.

"पोरं विचारतील, 'सर, हे किती आलं?' मी काय सांगू? सात?"

"मी येते बरोबर," अक्का म्हणाल्या.

"तू फळ्यापाशी उभी राहणार?"

"का? पायरी नाही का चढता येत मला?"

मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. ते स्वतः सरांचे विद्यार्थी होते. गुरुवारी सकाळी दोघं फाटकातून निघाली. सरांनी पांढरा सदरा घातला होता. ज्ञानाक्का नवी साडी नेसल्या होत्या, आणि वाटेत पदर सारखा सावरत होत्या. त्याही घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी घरचा खडा न वापरता पोरांनी आणलेला खडा घ्यायचा असं सरांनी आधीच सांगितलं होतं. तरिंदी नावाच्या मुलीने आणलेला सगळ्यांत देखणा होता, मोठा, गुळगुळीत, आरशासारखी चकाकणारी बाजू. तोच निवडला.

सर बोलू लागले तशी त्यांची जुनी लय आली. नारळाचा दाखला आला, भाताचं पाणी आलं. पोरं ऐकत होती. मग पाण्याच्या घनतेबद्दल सांगताना ते म्हणाले, "पाण्याची घनता आहे नऊ," आणि थांबले. चुकलंय हे त्यांना कळलं. तोंड उघडं, शब्द सापडेना. मागच्या बाकावर कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

अक्का फळ्यापाशी होत्या. त्यांनी एक हा आकडा लिहिला आणि वळून म्हणाल्या, "आकडे मला विचारायचे. सरांनी ते सगळे मला देऊन टाकलेत. बाकीचं त्यांना विचारा."

ज्या सहजपणे त्या बोलल्या, तसं मला कधी जमलं नसतं. सर खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "हो," ते म्हणाले. "मला आजार झाला, त्यात माझे आकडे गेले. पुढे चला. वजन करा."

वजन पाचशे तीस आलं. पाण्यात बुडवल्यावर काट्यावर दोनशे एकवीस. बुडबुडे अक्कांनी स्वतः झटकले. भागाकार फळ्यावर केला, पोरांनी वहीत केला. दोन पूर्णांक चार.

अक्कांचा खडू थांबला. त्यांना माहीत होतं की खडा कमी भरायला हवा. आतून काढलेल्या आकड्यापेक्षा खाली. त्यांनी परत भागलं. परत तेच. त्या माझ्याकडे बघू लागल्या, मग सरांकडे. कान लाल झाले होते. "माझंच चुकलं असणार," त्या पुटपुटल्या.

"जास्त की कमी?" सरांनी विचारलं.

"जास्त."

"थोडं की बरंच?"

"बरंच. मघापेक्षा... घरच्यापेक्षा बरंच."

"पोरांचंही तेच आलं?"

"हो सर," पोरं म्हणाली.

सर लंगडत टेबलापाशी आले. त्यांनी खडा हातात घेऊन तोलला. "पोकळी असेल तर कमी भरतो. पाणी आत शिरलं, माप चुकलं, तरी इतका फरक पडत नाही. जास्त भरायला आत काही तरी जास्त जड हवं. तरिंदी, तुझा खडा फोडला तर चालेल का?"

तरिंदीला तो खडा प्रिय होता. तिच्या वडिलांनी खाणीतून निवडून आणला होता. तिने चकाकत्या बाजूवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "फोडा सर."

शिपायाकडून हातोडी आणली. फरशीवर गोणपाट घालून मी घाव घातला. खडा थरांच्या बाजूने उलगडला. आतमध्ये पितळेसारखी पिवळी, चकचकीत पट्टी होती, बोटाएवढी जाड.

मागच्या बाकावरची पोरं बाकांवर चढून बघू लागली. एकाने विचारलं सोनं आहे का. सर म्हणाले, "लोखंड आणि गंधक. सोनं असतं तर काटाच मोडला असता." त्यांनी तो तुकडा अक्कांच्या हातात दिला. "हे बघ. तुझा भागाकार बरोबर होता."

अक्कांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग पुसायला घेतलेलं फडकं त्यांनी खाली ठेवलं आणि फळ्यावरचा तो दोन पूर्णांक चार तसाच राहू दिला.

तास संपल्यावर तरिंदी सरांपाशी आली. "सर, खडा सुंदर होता," ती म्हणाली, तक्रारीने नाही, नुसतंच.

"होता," सर म्हणाले. "अर्धा घरी ने. वडिलांना आतली बाजू दाखव. त्यांना आवडेल."

सरांचे आकडे परत आले नाहीत. इस्पितळातल्या बाईंनी खूप मेहनत घेतली, तेव्हा दहापर्यंत बोटं धरून येऊ लागले, तेही दमले की नाहीसे होतात. सुनीलचा फोन अक्काच लावतात. सर एकटे लांब जात नाहीत, आणि त्याचं वाईट त्यांना अजून वाटतं. कधी कधी सगळा दिवस ते खिडकीत बसून असतात, आणि अशा वेळी मी गेले तर अक्का दारातूनच मान हलवतात.

पण दर गुरुवारी ती दोघं शाळेत येतात. ग्रॅफाइट झालं, तेलात बुडवून मीठ झालं, आता तांबं चालू आहे. अक्कांना मधल्या काळात पाण्यात काहीही बुडवायचा नाद लागला होता. एकदा त्यांनी गुळाची ढेप बुडवली आणि उत्तर येण्याआधी ती विरघळून गेली. त्या दिवशी आम्ही त्या गोड पाण्याचाच चहा प्यायलो.

पोरं आता सर्रास अडलं की फळ्याकडे जातात. मुली तर अक्कांच्या भोवती घोळका करून उभ्या राहतात, शंका विचारतात, मधेच लेसबद्दलही विचारतात. परवा सर खुर्चीत बसून बराच वेळ वाट बघत होते. शेवटी मला म्हणाले, "निलुका, या वर्गात माझ्याशी कुणी बोलतच नाही."

"जा, तुम्हीही रांगेत उभे राहा," मी म्हटलं.

ते काठीवर हात ठेवून उठले, आणि खरंच मुलींच्या मागे जाऊन उभे राहिले.